बाळंतपणानंतरच्या बीपीसाठी घेतलेलं दंडावरचं मशीन: कसं आहे आणि घेताना काय बघायचं

आधी निकाल सांगून टाकते, ५ पैकी साडेचार स्टार. ज्या घरात प्रीएक्लाम्प्सिया (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) झालेली बाळंतीण येणार आहे त्या घरात पाळण्याच्या आधी हे मशीन आलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. या मशीनखाली जेवढे रिव्ह्यू आहेत ते सगळे कुणाच्या वडिलांच्या नाहीतर सासऱ्यांच्या बीपीबद्दल आहेत, बाळंतिणीला याचा उपयोग कसा होतो ते कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय, वाचायला कंटाळा करू नका. कंपनीचं नाव टाकत नाही. मॉडेल सारखी बदलतात आणि दंडावरचं कुठलंही चांगलं मशीन घेताना बघायच्या गोष्टी त्याच असतात.

घेतलं ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी. पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली. छत्तिसाव्या आठवड्यात तोंडावर आणि हातापायावर सूज, बीपी १७०/११०, लघवीतनं प्रोटीन जात होतं. त्याच दिवशी ॲडमिट करून कळा आणून डिलिव्हरी केली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन डिलिव्हरीनंतर २४ तास चालू होतं, ते संपल्यावर बीपी गोळ्यांवर खाली आला, बाळ पण छान दूध प्यायला लागलं आणि डिस्चार्ज मिळाला. आमचं घर कराडपासून आत गावात, दवाखान्यापर्यंत गाडीनं पाऊण तास. डिस्चार्ज देताना डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "घरी बीपी मोजायची सोय आहे का?" आणि कार्डाच्या मागे स्वतःच्या हातानं लिहून दिलं: रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचा, १५०/१०० च्या वर गेला तर फोन, १६०/११० झाला तर फोन करत करत निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे लिहून दिलेलं कार्ड आणि हे मशीन, दोन्ही मिळून एकच वस्तू समजा. नुसत्या मशीनला अर्थ नाही. आकडा दिसल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं नसेल तर घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आता घरी कशाला मोजायचा, डिलिव्हरी तर झाली, असं आमच्याकडे पण सगळ्यांनी म्हटलं. बाळ झालं की बीपी उतरतो ही समजूत पक्की आहे. आजाराचं मूळ वारेत असतं, वार पडली की मूळ गेलं हे बरोबर आहे. पण अंगात जे पाणी साठलेलं असतं ते पुढच्या काही दिवसांत परत रक्तात यायला लागतं, आणि बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातो. म्हणजे नेमकं बाई घरी आलेली असते तेव्हा. नॉर्मल डिलिव्हरीवाल्या तोपर्यंत घरी पोचलेल्याच असतात. काहींना तर नऊ महिन्यांत एकदाही बीपी वाढलेला नसतो आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा वाढतो, सहा आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतं हे. झटके सुद्धा डिलिव्हरीनंतर येऊ शकतात. मला हे सगळं मॅडमनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्या अख्ख्या घरात एकालाही माहीत नव्हतं.

मशीन घेताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दंडाचा पट्टा, त्याला कफ म्हणतात. लोक डिस्प्ले बघतात, ब्लूटूथ बघतात, वॉरंटी बघतात आणि कफचा साइज कुणीच विचारत नाही. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिवणकामाचा टेप गुंडाळून माप घ्या. बहिणीचा दंड भरला ३४ सेंटिमीटर. दुकानात समोर ठेवलेल्या बहुतेक मशीनबरोबर २२ ते ३२ चा कफ येतो, तो तिला बांधला असता तर लहान झाला असता, आणि कफ लहान झाला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. उलटं, बारीक दंडाला मोठा ढगळा कफ बांधला तर कमी दाखवतो. प्रेग्नन्सीत वजन वाढलेलं, अंगावर सूज, त्यामुळे बाळंतिणीच्या बाबतीत लहान कफचा घोळ फार होतो. आम्ही २२ ते ४२ वाला कफ असलेलं मशीन मागवून घेतलं, दुकानदारानं दुसऱ्या दिवशी आणून दिलं. दोन-अडीच हजाराच्या आसपास पडलं. कफला आतनं कडक आकार दिलेला आहे, दंडावर नुसता सरकवायचा आणि ओढून चिकटवायचा, एका हातानं स्वतःचा स्वतः बांधता येतो, हे मला खूप आवडलं.

मनगटावरचं मशीन घेऊ नका. स्वस्त आहे, छोटं आहे, पर्समध्ये बसतं, सगळं खरं. आमच्या काकांकडे होतं, त्यांनी प्रेमानं आणून दिलं, "नवीन कशाला घेता, हे वापरा" म्हणाले. तेच मनगट मांडीवर ठेवलं की एक आकडा, छातीशी धरलं की दुसरा. हात हृदयाच्या खाली असला तर आकडा वाढतो, वर असला तर घटतो, आणि मनगट काही एका जागी राहत नाही, त्यात मांडीवर बाळ. काकांचं मन राखून आम्ही ते कपाटात ठेवलं.

अजून एक बघायची गोष्ट, ही मला मॅडमनी सांगितली आणि दुकानात कुणालाच माहीत नव्हती. डिजिटल मशीन रक्तवाहिनीच्या थरथरीवरून हिशेब लावून आकडा दाखवतं. तो हिशेब साध्या निरोगी माणसांवर बसवलेला असतो. प्रीएक्लाम्प्सियात रक्तवाहिन्या वेगळ्या वागतात, वर सूज असते, त्यामुळे बरीच मशीन खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. म्हणून गरोदर आणि प्रीएक्लाम्प्सियाच्या बायकांवर तपासलेलं मशीन मिळालं तर ते घ्यावं. स्ट्राइड बीपी नावाची साइट आहे, हायपरटेन्शनवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून काढलेली, तिथे तपासणीत पास झालेल्या मशीनची यादी आहे आणि प्रेग्नन्सीसाठीची यादी वेगळी आहे. मॉडेल नंबर टाकून शोधा. आणि घेतल्यावर मशीन दवाखान्यात घेऊन जा, त्यांच्या मशीनशेजारी ठेवून दोन्हीवर मोजा. आमचं थोडं कमी दाखवतं हे तिथेच कळलं, चार-पाच पॉइंटचा फरक, तो मॅडमनी कार्डावर लिहून ठेवला.

मोजायची पद्धत. लघवीला जाऊन यायचं, चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचं, पाठीला टेका, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही, हाताखाली उशी म्हणजे कफ छातीच्या लेव्हलला येतो, पाच मिनिटं शांत बसायचं आणि मग बटण. एक मिनिटानं परत. दोन्ही लिहायचे. बाळंतिणीचं अवघड काय असतं तर शांत पाच मिनिटं मिळणं. बाळाला पाजताना मोजू नका, बाळ आईकडे नाहीतर आजीकडे द्या, मोजताना कुणी बोलायचं नाही आणि तिनं तर अजिबात बोलायचं नाही. आमच्याकडे मशीन चालू झालं की आई दाराला उभी राहायची, आत येणाऱ्याला हातानंच थांबवायची. कुशीवर झोपून वरच्या हातावर मोजला तर कमी येतो, कारण तो हात हृदयाच्या वर गेलेला असतो, त्यामुळे आळस करून पडल्या पडल्या मोजायचा नाही. सगळं एका वहीत लिहायचं, तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि शेवटच्या रकान्यात डोकं दुखतंय का, गोळी घेतली का. वही आईनं सांभाळली, सातवी शिकलेली माझी आई, एकही रकाना कधी रिकामा नाही.

आता मशीननं काय काम केलं ते. पाचवीचा दिवस, घरात पाहुणे, पाटा-वरवंट्याची पूजा, दिवा, बाळाच्या उशाला कोरा कागद आणि पेन, सगळी गडबड. संध्याकाळी बहीण मला हळूच म्हणाली, "ताई, डोकं लई ठणकतंय गं, आणि डोळ्यापुढं चमकल्यासारखं होतंय." शेजारी बसलेल्या आत्या म्हणाल्या की रात्र रात्र जागरण होतंय, डोकं दुखणारच, बाम लावून झोपव तिला. आत्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी आयुष्यात इतकी बाळंतपणं केलीत आणि दहातल्या नऊ बायकांचं डोकं खरंच जागरणानंच दुखतं. पण घरात मशीन होतं. आतल्या खोलीत नेऊन बसवलं, कफ बांधला, १६६/११२. पंधरा मिनिटं तिला तसंच बसवून ठेवून परत मोजला, १६४/११०. मॅडमना फोन लावला, आकडे सांगितले, डोळ्यापुढं चमकतंय हे सांगितलं, त्या म्हणाल्या आत्ता निघा, बाळाला पण बरोबर घ्या. शेजाऱ्यांच्या गाडीनं निघालो. तिथे त्यांच्या मशीनवर १७०/११२. लगेच गोळी दिली, निफेडिपिनची, थोड्या थोड्या वेळानं मोजत राहिल्या, मॅग्नेशियम परत चालू केलं, आणि बीपी खाली आला. रात्री दीडच्या सुमाराला बहिणीनं डोळे उघडून बाळाला मागितलं तेव्हा मी खरंच रडले.

त्या रात्री नुसतं "तिचं डोकं दुखतंय" असं फोनवर सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. आकडा सांगता आला म्हणून फोन दोन मिनिटांत संपला आणि आम्ही निघालो. इतका वर गेलेला बीपी तसाच टिकला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे तो अर्ध्या-एक तासाच्या आत औषध देऊन उतरवायला सुरुवात करतात. गावातल्या माणसाचा तेवढा वेळ तर रस्त्यातच जातो.

पण एक लक्षात घ्या, मशीन नॉर्मल दाखवतंय म्हणून त्रासाकडे दुर्लक्ष करायचं नाही. गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, डोळ्यापुढं चमकणं, छातीच्या खाली उजव्या बाजूला बरगडीपाशी दुखणं, दम लागणं, लघवी कमी होणं, अचानक वाढलेली सूज, यातलं काहीही असलं तर आकडा काहीही असो, जायचं. सिझर झालेल्यांना मणक्यातल्या इंजेक्शनमुळे पण डोकं दुखतं, ते सहसा उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं, पण ते आपण घरी ठरवत बसायचं नाही, बीपी मोजायचा आणि डॉक्टरांना सांगायचं.

गोळ्यांच्या बाबतीत पण मशीनचा खूप उपयोग झाला, हे आधी वाटलं नव्हतं. बहिणीला लॅबेटॅलॉल दिवसातनं तीनदा होती, नंतर निफेडिपिनची हळू विरघळणारी गोळी वाढवली. पुढे पुढे बीपी उतरायला लागला तसं मॅडम वहीचा फोटो बघून डोस कमी करत गेल्या, १३०/८० च्या खाली सलग यायला लागल्यावर एक गोळी बंद केली. मनानं एकही गोळी बंद केली नाही, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही ही तिची परीक्षाच होती. दूध पाजताना बीपीच्या गोळ्या चालतात का ही भीती सगळ्यांना असते, तिच्या सासूबाईंनी तर फोन करून सांगितलं होतं की बाळाला उतरेल, गोळ्या सोड. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही औषधं दूध पाजणाऱ्या आईला देतात, फक्त कुठलं आणि किती ते डॉक्टरांनीच ठरवायचं. एनालाप्रिल प्रेग्नन्सीत चालत नाही, त्यामुळे ते चालू असेल तर पुढचं बाळ लगेच राहू नये याची काळजी घ्यावी लागते. आणि ज्यांना प्रेग्नन्सीत मिथाइलडोपा चालू होतं त्यांनी डिलिव्हरीनंतर ते बदलायचं का हे आवर्जून विचारा, त्यानं मन उदास होऊ शकतं आणि बाळंतिणीचं मन आधीच हळवं असतं.

ऑक्सफर्डला यावर एक अभ्यास झालाय, २०२३ मध्ये छापून आला, २२० बायका होत्या. काहींनी घरी रोज बीपी मोजून ॲपवर पाठवायचा आणि डॉक्टरांनी त्यावरून डोस ठरवायचा, बाकीच्यांची नेहमीसारखी देखरेख. आठ-नऊ महिन्यांनी बघितलं तर घरी मोजणाऱ्यांचा खालचा बीपी सरासरी ५ ते ६ पॉइंटनं कमी होता, बहुतेकींच्या गोळ्या तोपर्यंत बंद झालेल्या असताना. म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत नीट सांभाळलं तर त्याचा फायदा पुढेही टिकतो. हे वाचून मला आईच्या वहीचा फार अभिमान वाटला.

आता अर्धा स्टार कुठे कापला ते. एक, आवाज. पंप भरताना गुरगुरतं आणि शेवटी मोठा बीप येतो, बाळ आत्ता कुठे झोपलंय आणि हे वाजतं, आवाज बंद करायची सोय आमच्या मॉडेलला नाही. दोन, डिस्प्लेला लाइट नाही, रात्री मोजायचं तर मोबाइलची बॅटरी धरावी लागते. तीन, बाजूला हिरवी-पिवळी-लाल पट्टी आहे, ती सगळ्या मोठ्या माणसांसाठीची सरसकट आहे, बाळंतिणीनं तिच्यावर जायचं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडाच धरायचा. चार, ॲप सगळं इंग्लिशमध्ये, आईला काही उपयोग नाही, आणि मेमरीत दोन माणसांचे आकडे वेगळे ठेवता येत असले तरी मधे बाबांनी स्वतःचा मोजून बहिणीच्या नावावर टाकला, त्यामुळे वही हवीच. सेल आमचे बरेच दिवस गेले पण ॲडॅप्टर घेऊन ठेवा, सेल उतरले की मशीन मधेच एरर देतं आणि तेव्हा गावात सेल मिळतीलच असं नाही. कफ सैल बांधला तरी एरर येतो, ते मशीन बिघडलेलं नसतं, दोन बोटं आत जातील एवढा घट्ट बांधा आणि परत मोजा.

सगळ्यांना मशीन घेणं जमेल असं नाही, हे मला कळतं. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्या मुख्यतः बाळासाठी असतात, पण त्यांना सांगितलंत की हिला प्रेग्नन्सीत बीपी होता तर त्या उपकेंद्रात मोजायची व्यवस्था करू शकतात. आमच्या आशाताईंनी स्वतः वही चाळून बघितली होती. पहिला आठवडा दवाखान्याच्या जवळच्या नातेवाइकांकडे राहता आलं तर त्याच्यासारखं काही नाही. आणि रात्री गाडी नसेल तर १०८.

बहिणीचा बीपी आता गोळ्यांशिवाय बरोबर आहे. बऱ्याच जणींचा सहा ते बारा आठवड्यांत खाली येतो, बारा आठवड्यांनंतरही वाढलेला राहिला तर तो वेगळा बीपीचा आजार धरून फिजिशियनकडे तपासणी करतात. प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या बाईला पुढे आयुष्यात बीपी, हार्ट अटॅक, लकवा यांचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो, हे तिनं वर्षातनं एकदा तपासून घ्यायचं आहे आणि मी तिच्या मागे लागणार आहे. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना आधीचं सगळं सांगायचं, म्हणजे ते बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन चालू करायची का ते बघतील.

मशीन आता तिच्याबरोबर सासरी गेलंय, वही पण. घेणाऱ्यांसाठी शेवटचं: बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा, वर्षातनं एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा, कफची नळी गुंडाळताना मुडपू नका, आणि ऑनलाइन मागवत असाल तर आठव्या महिन्यातच मागवा, ऐनवेळी डिलिव्हरी बॉयची वाट बघायला लागू नये.